साडेचारचा गजर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. पौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणते, आणि चौथ्या शीलाशी आले – खोटं न बोलण्याच्या – की माझा आवाज आपोआप बारीक होतो. शेजारच्या बाईला वाटतं, हिचा घसा बसला. अकरा वर्षं माझा घसा त्याच एका ओळीवर बसतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसापुढे हे माझ्या तोंडून निघायचं नाही. तेवढी धीट असते तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

आणि आजच का? कारण मागच्या महिन्यात एका गेम कंपनीनं माझ्या मुलीला खेळातून हाकलून दिलं.

हसलात ना? आमच्या घरीही हसलेच. श्रेया तेरा वर्षांची आहे. मोबाइलवर गाव वसवायचा एक खेळ खेळायची – एकटीच. समोर भिडू नाही, हरवायला कोणी नाही. त्यात घरं बांधायला लाकूड लागतं, दगड लागतो, आणि ते जमवण्यात दिवसच्या दिवस जातात. तिनं कुठूनशी एक युक्ती शोधली आणि लाकूड-दगड कधी संपेनासेच करून टाकले. कंपनीला कळलं. एके दिवशी खेळ उघडला तर इंग्रजीत चार ओळी – तुम्ही लबाडी केली, तुमचं खातं कायमचं बंद. दोन वर्षं वसवलेलं गाव गेलं. पोरगी दिवसभर जेवली नाही.

संध्याकाळी घरात वादसभाच भरली. आम्ही आता अमरावतीला असतो, नवरा एका शाळेत शिपाई आहे. तो म्हणाला, या कंपनीवाल्यांना दुसरे धंदे नाहीत. दुसऱ्याला फसवलं तर गोष्ट वेगळी, एकट्यानं केलेल्या लबाडीला कसली शिक्षा? आणि करुणा होती. करुणा माझी धाकटी नणंद. अकोल्याला एका खाजगी दवाखान्यात काम करते, महिन्या-दोन महिन्यांनी सुट्टी मिळाली की आमच्याकडे येते. तिनं भाचीला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "एकटीच खेळून राहिली होती ना लेकरू? मंग कोनाचं काय बिगडलं?"

कोणाचं काय बिघडलं! हे करुणानं विचारावं!

मी भाकरी थापत होते. मी म्हणाले, बंदी घातली ते बरोबरच केलं. इतक्या जोरात म्हणाले की माझी मीच दचकले. श्रेया रडत आत गेली. नवरा म्हणाला, अगं खेळ तर आहे. करुणा हसली. म्हणाली, "वैनी पयल्यापासूनच कडक आहेत." कडक – मी! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तशीच बसून राहिले.

तर सांगते. एकट्यानं खेळताना लबाडी केली तर कोणाचं काय बिघडतं, ते सांगते.

तेव्हा आम्ही हिवरखेडला होतो. सासूबाई, नवरा, करुणा, मी आणि दोन वर्षांची श्रेया. पाऊस लागोपाठ दोन वर्षं दगा देऊन गेला होता. सोयाबीनच्या शेंगा भरल्या नाहीत, कपाशी गुडघ्याच्या वर सरकली नाही. त्या दिवसांबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, मी नव्यानं काय लिहू? एवढंच सांगते, की घरातली सगळी माणसं सगळा वेळ आभाळाबद्दल बोलायची, आणि त्या घरात एकच गोष्ट अशी होती जिचा आभाळाशी काही संबंध नव्हता – करुणाचं नर्सिंग. बारावीनंतर तिनं अर्ज भरला होता. पहिल्या यादीत नाव आलं नाही, दुसऱ्या यादीत आलं नाही, आणि मग दिवाळीनंतर उरलेल्या जागांसाठी अकोल्याला बोलावणं आलं. सकाळी नऊ वाजता नावं पुकारणार. नाव पुकारलं तेव्हा जो हजर नसेल त्याची जागा पुढच्याला. कागदावर तसं ठळक छापलेलं होतं, करुणानं ते मला दोनदा वाचून दाखवलं होतं.

घरात चांगला मोबाइल एकच. तिच्या अर्जाच्या कामासाठीच घेतलेला. नवऱ्याकडे साधा फोन असायचा, तो त्याच्या खिशात. चांगला मोबाइल दिवसभर घरात, कोनाड्यात. आणि दुपारी सासूबाई आणि करुणा वेचणीला गेल्या, श्रेया झोपली, की तो माझा.

मी त्याच्यावर एक खेळ खेळायची. रंगीत फळं जुळवायचा. कोणाला माहीत नव्हतं. सुनेनं दुपारी काय करावं याच्या यादीत फळं जुळवणं बसत नाही, तुम्हाला माहीतच आहे. त्या खेळात पाच बदाम मिळायचे, पत्त्यांतल्यासारखे लाल. एक डाव हरलं की एक बदाम गेला. पाचही गेले की थांबा – अर्ध्या तासाला एक बदाम परत. आता अर्धा अर्धा तास थांबायला माझ्याकडे वेळ कुठला? सगळे मिळून दुपारचे दोन तास. मग मला कळलं – कोणी शिकवलं नाही, माझं मलाच कळलं, आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू – की मोबाइलमधलं घड्याळ पुढे सरकवलं की खेळाला वाटतं वेळ गेला. पाचही बदाम भरतात. खेळून झालं की घड्याळ परत जागच्या जागी. रडीचा डाव, पण रडीचा डाव म्हणायला समोर होतं कोण? मी आणि फळं.

खेळानं मला कधीच पकडलं नाही. उलट वर शाबासकी द्यायचा, चांदण्या उडवायचा. श्रेयाच्या कंपनीसारखी एखादी कंपनी तेव्हा माझ्या नशिबी असती, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच माझं खातं बंद केलं असतं – मी दोन दिवस चरफडले असते, आणि करुणा आज – असो. असतं-नसतं करत बसायचा मला हक्क नाही.

तो दिवस म्हणजे अकोल्याला जायच्या आदला दिवस. मी घड्याळ पुढे सरकवलं. फिरवता फिरवता दुपारची पहाट झाली, तारीख उद्याची झाली. बदाम भरले. खेळले. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली – सासूबाई त्या दिवशी लवकर आल्या. घाईनं मी तास नीट केला, मिनिटं नीट केली, तारीख आजची केली आणि मोबाइल कोनाड्यात ठेवला. सगळं बरोबर. फक्त आकड्याशेजारची दोन बारीक अक्षरं राहिली. एएम आणि पीएम. घड्याळ दाखवत होतं तीनच, पण मोबाइलच्या मते ते पहाटेचे तीन होते.

बस्, एवढंच झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. चूक होती, घाईत झाली, माणसाच्या हातून होते. मी इथेच थांबले तर तुम्ही मला माफ कराल, म्हणाल, बाई, अकरा वर्षं एवढ्याशा गोष्टीचं ओझं वाहते आहेस? पण थांबता येत नाही. ही नुसती सुरुवात आहे.

जेवणं झाली. आठ वाजले होते. नवरा शेतावर निघून गेला – वीज तेव्हा मध्यरात्रीनंतरच यायची आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं – तो सकाळी उजाडल्यावरच येणार होता. करुणानं मोबाइल घेतला. माझ्या शेजारीच बसली होती. पहाटे साडेपाचची एसटी, म्हणून साडेचारचा गजर. तिनं आकडे फिरवले, ते मोठ्यानं म्हणाली, "साडेचार," आणि बरोबरच्या खुणेचं बटण दाबून मोबाइल आमच्या दोघींच्या मध्ये ठेवून दिला. तिचं लक्ष प्रमाणपत्रांकडे होतं. एकेक कागद पिशवीत रचत होती. गजर लावला की मोबाइलच्या पडद्यावर खाली एक ओळ येते आणि दोन क्षणांत जाते. गजर किती वेळानं वाजेल ते सांगणारी.

ती ओळ मी वाचली.

वीस तास तीस मिनिटं.

मी बारावी पास आहे. रात्री आठपासून पहाटे साडेचारपर्यंत किती तास होतात ते मला येतं. साडेआठ. वीस नाही. आणि वीस का, हेही मला त्याच क्षणी कळलं – त्या घरात ते कळू शकणारी मी एकटीच होते.

का नाही बोलले? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता त्याची उत्तरं पाठ झाली आहेत. पहिलं उत्तर – भीती. बोलले असते तर घड्याळाला हात कोणी लावला, कशासाठी लावला, हे निघालं असतं. दुपारी सून खेळते. सासूबाईंच्या तोंडचा पट्टा मला ठाऊक होता. ती झोपली की गुपचूप नीट करू, असं मी ठरवलं. मनात ठरवलं, खरंच. पण झोपताना करुणानं मोबाइल उशीखाली घेतला. मग काढता आला नाही का? आला असता. उशीखाली हात घालायला काय लागतं? किंवा नुसतं म्हणायचं, करुणा, एकदा बघ गं, गजर नीट लागला का. एवढं एक वाक्य. त्यात मी पकडलीही गेले नसते.

म्हणून दुसरं उत्तर आहे. ते मी कधी कागदावर उतरवलेलं नाही, आज उतरवते.

माझं माहेर मोर्शीकडचं. संत्र्याची बाग होती. बारावीला मला करुणापेक्षा जास्त मार्क होते. बरेच जास्त. मलाही पुढे शिकायचं होतं. त्याच वर्षी विहीर आटली, झाडं वाळली, वडिलांनी ती तोडून टाकली आणि माझं लग्न उरकून टाकलं. मला कोणी कागद वाचून दाखवला नाही. आणि इथे ही – माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मार्कांनी कमी – पिशवीत प्रमाणपत्रं रचत होती, उद्या पांढरे कपडे घालणार होती. ती गेली की वेचणी माझ्या एकटीवर, चूल माझ्यावर, सासूबाई माझ्यावर. तिच्याबद्दल मला माया होती. खोटं नाही. आणि त्या क्षणी, ती ओळ पडद्यावरून गेली तेव्हा, मला बरं वाटलं. माझ्या आत कोणीतरी म्हणालं – राहू दे. बघू काय होतं ते.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. झालं तसं सांगते.

आणि हेही लिहून ठेवते – त्या रात्री मला गाढ झोप लागली.

जाग आली ती सासूबाईंच्या ओरडण्यानं. चांगलं फटफटलं होतं. एसटी कधीच निघून गेली होती. करुणा अंथरुणावर बसली होती, मोबाइल हातात, केस मोकळे. मोबाइलमध्ये वाजले होते सव्वासहा, बाहेरही सव्वासहाच. कशातच काही चूक दिसत नव्हती. ती दोन बारीक अक्षरं कोण बघतं? तिनं वर पाहिलं. सासूबाईंकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, "वैनी, गजर वाजलाच नाई का वं?"

आता या इथे, बघा. घड्याळ झालं, ती ओळ झाली, झोप झाली. ते सगळं एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्या पारड्यात. मी म्हणाले, "वाजला ना. मी आयकला. मंग बंद झाला, मले वाटलं तू उठली."

का म्हणाले? कोणी माझ्यावर संशय घेतला नव्हता. मला नुसतं "नाही बाई, मीपण झोपलेच होते" म्हणता आलं असतं, आणि ते तर खरं होतं! खरं बोलून सुटता येत होतं, आणि तरी मी खोटं निवडलं. मोबाइल कोणी तपासायला घेऊ नये म्हणून. सासूबाईंनी लगेच धरलं, "झोपीतच दाबला असन इनं! कुंभकर्णाची बहीण!" करुणानं एकदा स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग उठली, तोंडावर पाणी मारलं आणि पिशवी घेऊन स्टँडकडे पळाली. पुढच्या गाडीनं ती अकोल्याला पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिचं नाव पावणेदहालाच पुकारून झालं होतं. तिच्यामागच्या मुलीला जागा मिळाली. त्या मुलीनं हिची समजूत घातली म्हणे, पाणी पाजलं.

मोबाइल ती घाईत परत उशीखालीच टाकून गेली होती. दुपारी सासूबाई शेजारी जाऊन बसल्या होत्या, नवरा आत झोपला होता. मी श्रेयाला भरवत होते. आणि उशीखालून गजर वाजायला लागला. साडेचार वाजले होते. दुपारचे. बरोबर वीस तास तीस मिनिटांनी. खूप मोठा आवाज होता त्याचा. इतक्या आवाजानं करुणा उठली नसती असं होऊच शकत नव्हतं. श्रेया टाळ्या वाजवायला लागली. मी धावत जाऊन तो बंद केला, घड्याळ नीट केलं, आपोआप वेळ घेण्याचं बटण चालू केलं आणि मोबाइल कोनाड्यात ठेवला. मग उरलेला वरणभात पोरीला भरवला. तो खेळ मी पुन्हा उघडला नाही. यात काही मोठेपणा नाही, माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी तिला अर्ज भरायचा होता. सासूबाई म्हणाल्या, एक डाव गेला तो गेला, आता स्थळं बघा. मीही होच म्हणाले. अकोटला दिली. तिचा नवरा पाच वर्षांत वारला, मूलबाळ नाही. मग दवाखान्यात लागली. नर्स म्हणून कशी लागणार? लादी पुसायची, लघवीची भांडी द्यायची, चादरी बदलायच्या, म्हाताऱ्यांना उचलून बसवायचं.

तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन तिच्याच दवाखान्यात झालं. पाच दिवस होते. माझं सगळं तिनं केलं, सगळं म्हणजे सगळं, मला लाज वाटू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून गप्पा मारत केलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिला करुणाचा हात फार आवडायचा. हाक मारायची, सिस्टर, ओ सिस्टर. आणि करुणा दर वेळी, न चिडता, न कंटाळता सांगायची, "सिस्टर नाई जी. मावशी." दवाखान्यात नर्सला सिस्टर म्हणतात आणि सफाईवालीला मावशी. म्हातारी विसरायची. पुन्हा सिस्टर. पुन्हा, "मावशी म्हना जी, ते सिस्टर रागावते." पाच दिवसांत मी ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. मी डोळे मिटून पडून राहायची, नर्स येऊन विचारायची, दुखतंय का.

घरात त्या गजरावरून थट्टा अजून चालते. लग्नकार्याला सगळे जमले की कोणीतरी म्हणतंच – करुणाला आधी उठवा रे, नाहीतर गाडी जाईल. ती सगळ्यांच्या आधी हसते. तिला कोणावर राग नाही. असला तर स्वतःवर आहे, स्वतःच्या झोपेवर, त्या उजव्या हातावर.

बंदीचं विचाराल तर मला खरंच कळत नाही. तेरा वर्षांच्या पोरीचं गाव पुसून कंपनीनं काय मिळवलं? मी ओरडले ते श्रेयावर नव्हे. फक्त एकट्याचा खेळ असं काही असतं, हे मला कोणी सांगू नये. मी एकटीच खेळत होते. दार लावून.

परवाच्या रविवारी करुणा पुन्हा आली होती. सोमवारी आठची ड्युटी, म्हणजे पहाटे पाचची गाडी. जेवताना तिनं नेहमीसारखंच सांगितलं, "वैनी, चारले उठवजा. माया भरोसा नाई." ती मोबाइलवर गजर लावतच नाही. श्रेयानं विचारलं, आत्या, तू गजर का नाही लावत? मोठी झाली आता, प्रश्न विचारते. करुणानं हसत हसत सगळं सांगितलं – अकोला, यादी, एसटी. "वाजला होता, बेटा. तुया आईनं आयकला ना. मीच झोपीत बंद केला. आठवतबी नाई मले."

श्रेयानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, खरंच आई?

मी मान हलवली. हो म्हणून.

पहाटे चारला मी करुणाला उठवलं, चहा दिला, आणि ती वेळेवर गेली.